गोठा एका वाटेने आला, गोष्ट दुसऱ्या वाटेने

डिसेंबर लागला की वांद्र्याच्या हिल रोडवर चांदणीचे कंदील लटकू लागतात, मेंढरं-मेंढपाळांच्या मूर्ती विकायला येतात आणि उरलेल्या मुंबईच्या लेखी नाताळ सुरू होतो. चर्चच्या पंचांगात तो अजून सुरू झालेला नसतो. २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत तिथे आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचा काळ, चालतो. वेदीवरचं कापड जांभळं, फुलं बेताची, आणि रविवारच्या मिस्सेतलं, म्हणजे सामूहिक उपासनेतलं, गौरवगीत बंद. एखाददुसरा मोठा सण सोडला तर ते पुन्हा ऐकू येतं ते नाताळच्या रात्रीच. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग चालतो, कारण अर्धी वाट सरलेली असते.

आगमनकाळाचे रविवार चार. पहिला कुठला हे ठरतं सेंट अँड्र्यूच्या सणावरून, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार. वांद्र्याच्या पोर्तुगीज काळातल्या चर्चचा आश्रयदाता संत हाच असल्याने तिथे पॅरिशचा सण आणि आगमनकाळाचा आरंभ दरवर्षी मागेपुढेच येतात. २०२५ साली तर ३० नोव्हेंबरलाच रविवार आला.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत ना नाताळ होता, ना त्याची तयारी. २५ डिसेंबर या तारखेची सर्वांत जुनी नोंद रोममध्ये सापडते. इसवी सन ३५४ च्या एका पंचांगात ती आहे आणि तिथली यादी ३३६ पर्यंत मागे जाते. तयारीचे दिवस त्यानंतर आले, तेही निरनिराळ्या गावी निरनिराळ्या तऱ्हेने. स्पेनमधल्या सारागोसाच्या धर्मसभेने ३८० मध्ये फर्मावलं की १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत कुणी चर्चला दांडी मारू नये. फ्रान्समध्ये तूरचे बिशप पर्पेच्युअस यांनी पाचव्या शतकात ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्याला तीन उपास घालून दिले. थोडक्यात, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा हा धाकटा भाऊच होता. पुढे रोमने त्याला चार रविवारांत बसवलं. केक आणि कुलकुलांच्या दिवसांत हे उपास आज कुणाला आठवत नाहीत, पण जांभळा रंग तिथलाच.

म्हणूनच पहिल्या रविवारी चर्चमध्ये बाळाची गोष्ट ऐकायला गेलेला माणूस बुचकळ्यात पडतो. त्या दिवशी शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथातून, वाचलेला उतारा जगाच्या अखेरीचा असतो: जागे राहा, घटका सांगून येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान रानातून ओरडत असतो. मरीया आणि योसेफ येतात चौथ्या रविवारी. रोजच्या मिस्सेत जन्मकथेचे धागे १७ डिसेंबरपासून हाती लागतात, तेही मत्तयाने दिलेल्या येशूच्या लांबलचक वंशावळीने. अब्राहामापासून नावांची रांग वाचताना वाचणाऱ्याची जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. लक्ष उडू नये अशी एक गोष्ट त्या यादीत आहे. सगळ्या बापांच्या आणि मुलांच्या नावांत मरीयेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. कुणी परकी, कुणाच्या नावाला बोल लागलेला. आगमनकाळाच्या मनन-चिंतनात या चौघींवर वेळ घालवणारे धर्मगुरू मला नेहमीच जास्त विश्वासाचे वाटतात.

आता गोठा. घरोघरी आणि चौकाचौकात मांडला जातो तो देखावा शुभवर्तमानात एका ठिकाणी कुठेच नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी मार्क आणि योहान (हा बाप्तिस्मा करणारा नव्हे) जन्मकथा सांगतच नाहीत. लूककडे शिरगणती आहे, उतारशाळेत न मिळालेली जागा आहे, गव्हाणी आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत. मत्तयाकडे तारा आहे, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, हेरोद राजा आहे आणि मिसर देशाकडे रातोरात पळ आहे. लूकला ज्ञानी लोक माहीत नाहीत, मत्तयाला मेंढपाळ. ज्ञानी लोक किती होते हे मत्तय सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशी तीन दानं आली म्हणून माणसंही तीन झाली, आणि पुढे त्यांच्या डोक्यावर राजमुकुटही चढले. बैल आणि गाढव तर दोघांकडेही नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून, जिथे बैल धन्याला आणि गाढव धन्याची गव्हाणी ओळखतं, पण इस्राएल ओळखत नाही अशी तक्रार आहे. म्हणजे गोठ्यातली ही दोन मुकी जनावरं मुळात माणसांना लगावलेला टोला आहेत. गुहेचा उल्लेख शुभवर्तमानात नाही. तो दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात भेटतो. मुंबईतली पोरं तपकिरी कागद चुरगाळून, त्यावर रंगाचे फटकारे मारून, खाली पेंढा आणि लाकडाचा भुसा पसरून खडकाची कपार करतात, तिचं मूळ इतकं जुनं आहे. कपारीपुढे आरशाचा तुकडा ठेवून केलेलं तळं मात्र आपल्या पदरचं.

हे सगळं माणसांनी भोवती उभं राहून पाहावं ही कल्पना रुजवली असिसीच्या फ्रान्सिसने. १२२३ च्या नाताळला इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने गव्हाणी, पेंढा आणि खरेखुरे बैल-गाढव आणून मिस्सा घडवली. जेरुसलेमची यात्रा ज्यांना कधीच परवडणार नव्हती अशा गावकऱ्यांपुढे बेथलेहेम आणून ठेवलं.

त्याचे अनुयायी, म्हणजे फ्रान्सिस्कन, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आले. गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा, ऐन आगमनकाळातला. फ्रान्सिस्कनांनी बोरिवलीचं मंडपेश्वरचं शैव लेणं ताब्यात घेऊन तिथे चर्च केलं. हा भाग वाचायला सुखाचा नाही, पण पार्श्वभूमी लिहायची तर तो गाळताही येत नाही. पाठोपाठ जेजुइट हा दुसरा धर्मसंघ आला. मुंबईच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटावरच्या कोळी, कुणबी, भंडारी, पाचकळशी वस्त्यांत नवा धर्म रुजला. त्यांचेच वंशज १८८७ पासून ईस्ट इंडियन म्हणवू लागले. घरात बोली मराठी आणि चर्चमध्ये लॅटिन मिस्सा अशी त्यांची विभागणी शतकानुशतकं चालली. सण, मूर्ती, गाणी, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) भरपूर होत्या. पण शास्त्र हातात घेऊन घरी आपल्या भाषेत वाचायची रीत कॅथलिकांत फारशी नव्हती.

याला एक ठसठशीत अपवाद आहे. इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. पहिल्या पुराणात तारणाऱ्याची वाट पाहणं, दुसऱ्यात त्याचं येणं. आगमनकाळाची अख्खी रचनाच मराठी पुराणाच्या साच्यात बसवलेली. पण १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढलं, आणि १६५४ नंतर पोर्तुगीज अमदानीत या पुराणाची आवृत्ती निघाली नाही.

मुंबईच्या मराठी माणसाच्या हाती छापील जन्मकथा आली ती अगदी निराळ्या मंडळींकडून. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. मिशनने छापखाना घातला, आणि १८२६ मध्ये मराठी नवा करार मुंबईत छापून निघाला. गंमत अशी की हे लोक ज्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट, परंपरेतले, तिला नाताळाचं वावडं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. या वाटेने मत्तय आणि लूक सुबोध मराठीत आले. गोठा आणि आगमनकाळ त्यांच्या सामानात नव्हते. १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती उपासनेत अभंगाची चाल आली. त्यांनी हाती घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूचरित्राचं काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

कॅथलिकांकडे गोठा होता, प्रोटेस्टंटांकडे गोष्ट. दोन्ही एकत्र यायला विसाव्या शतकाची साठी उजाडावी लागली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला दार उघडलं. पुढच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर, मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस हा कॅथलिकांचा मेळावा भरला आणि पोप सहावे पॉल स्वतः आले. आगमनकाळाचा पहिलाच आठवडा होता. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना घेतली: असत्याकडून सत्याकडे, अंधाराकडून प्रकाशाकडे, मृत्यूकडून अमृताकडे ने. देवाची आस आगमनकाळाच्या भावनेने इतक्या भरलेल्या शब्दांत क्वचितच व्यक्त झाली असेल, असं ते म्हणाले. चारशे वर्षांपूर्वी मंडपेश्वरात जे घडलं त्याशी हे ताडून पाहावं.

आज वाडीवाडीतल्या प्रार्थनागटांत चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं मधोमध ठेवून मराठीतून चिंतन होतं. ते कडं मूळचं प्रोटेस्टंट. हॅम्बुर्गचे पाद्री योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये ‘नाताळ कधी?’ विचारून भंडावणाऱ्या गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. पोरांनी रोज एखादं चांगलं काम करावं आणि रिकाम्या गव्हाणीत पेंढ्याची एक काडी टाकावी, हीही पद्धत अनेक चर्चमध्ये दिसते.

चिंतनाचा हमखास विषय ‘जागा नाही’. दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्यांच्या शहरात तो लागू पडतो यात नवल नाही. पण तो इतका वापरला गेलाय की आता टोचत नाही. त्या मानाने मत्तयाची बाजू कोरी राहते. हेरोदाची मूर्ती सहसा कुठल्या गोठ्यात नसते. त्याने मारलेल्या बाळांची आठवण २८ डिसेंबरला येते, तोवर निम्मी मंडळी गावाला किंवा गोव्याला गेलेली असतात. १९६९ पासून रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. २०२५ च्या आगमनकाळापासून मत्तयाचं वर्ष लागलं, त्यामुळे चौथ्या रविवारी योसेफाचं स्वप्न आलं. त्यानंतरचं वर्ष मार्काचं. त्याच्याकडे जन्मकथाच नसल्याने त्या वर्षीच्या चौथ्या रविवारसाठी गब्रिएल दूताची भेट लूककडून उसनी घेतली जाते.