गिझरची नवी कॉइल: बटण दाबायच्या आधी

कॉइल बसवून आमचा माणूस निघाला. सोसायटीचं पाणी दुपारी बंद होतं, संध्याकाळी येणार होतं. आल्या आल्या गरम मिळावं म्हणून कुणीतरी बटण आधीच चालू करून ठेवलं. पाणी आलं तेव्हा नवी कोरी कॉइल जळलेली होती. नौपाड्यातल्या आमच्या दुकानात हा प्रकार इतक्यांदा झाला, की शेवटी हा कागद छापला.

कॉइलच्या तांब्याच्या किंवा स्टीलसारख्या मिश्रधातूच्या नळीत नायक्रोमची तार असते आणि तारेभोवती पांढरी पावडर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, ठासून भरलेली असते. दोन किलोवॅटची उष्णता सतत ओढून घ्यायला बाहेर पाणी लागतं. पाणी नसेल तर नळी मिनिटा-दोन मिनिटांत लाल होते आणि फुटते. ‘थर्मोस्टॅट आहे ना?’ असं बरेच जण विचारतात. आहे, पण तो शेजारच्या नळीत बसतो. कोरड्या टाकीत त्याला ऊब जाणवेपर्यंत कॉइलचं काम आटोपलेलं असतं.

म्हणून गिझरचं बटण बंद ठेवूनच आधी टाकी भरा. खालचा कॉक उघडा, बाथरूमचा मिक्सर पूर्ण गरम बाजूला फिरवा आणि वाट पाहा. आधी हवा फुसफुसेल, मग नळ थुंकत-थुंकत येईल. धार अखंड झाली की टाकी भरली, कारण उभ्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी टाकीच्या वरच्या टोकाशी उघडते. आता नळ बंद करून दहा मिनिटं कॉइलच्या गॅस्केटखाली, म्हणजे सांध्यातल्या रबरी चकतीखाली, कोरडा कागद धरा. ओला झाला नाही तरच बटण दाबा. १५ लिटरच्या गिझरला २५ अंशांवरून ६० अंशांवर जायला साधारण १८ मिनिटं लागतात. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकलं तर घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरमागे पेलाभर जास्तीचं होतंच.

पहिल्याच दिवशी ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला तर? ती पांढरी पावडर दमट हवेत ओल धरते, आणि ठाण्याचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. आम्ही बसवण्याआधी प्रत्येक कॉइल मेगरवर, म्हणजे वीज गळते का ते दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासतो. तरीही पडलाच, तर पुन्हा पुन्हा वर करू नका, आम्हाला फोन करा. अर्थिंगची वायर काढून ‘चालू करून देणारे’ भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. आंघोळीच्या पाण्याशी असला खेळ नको.

घोडबंदर रोडला बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचा पांढरा थर लवकर चढतो. तिथे वर्षातून एकदा टाकी उघडून घ्या, टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का तेही बघून होतं. फक्त धरणाचं पाणी असेल तर एवढी घाई नाही.

कोरडी जळलेली कॉइल ओळखू येते आणि ती वॉरंटीत बदलून मिळत नाही. आमचा माणूस टाकी भरून, धार दाखवूनच निघेल. तेवढा वेळ त्याला थांबू द्या. पाणी बंद असेल तर तो प्लग काढून ठेवेल. पाणी येईपर्यंत तो लावू नका.