लॉ सीईटीनंतरचा दुसरा अर्ज विसरू नका: एलएल.बी. प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

महाराष्ट्रात एलएल.बी.ला प्रवेश घ्यायचा तर दोन अर्ज भरावे लागतात. पहिला सीईटीचा, म्हणजे परीक्षेचा. दुसरा कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा. दोन्ही राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावरूनच भरायचे असले तरी नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं आणि शेवटची तारीखही वेगळी. हे अगदी सुरुवातीला सांगतोय, कारण चांगले गुण मिळवून ‘आता कॉलेजकडून कळवतील’ म्हणून थांबलेली मुलं दर हंगामात भेटतात. कॉलेज कळवत नाही. कॅपचा अर्ज भरला नसेल तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही, मग सीईटीत कितीही गुण असोत. प्रवेश हुकतो तो बहुतेकदा अभ्यास कमी पडला म्हणून नाही, तर कागद आणि तारखा यांच्यात.

कोणाला बसता येतं?

बारावीनंतरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, पदवीनंतरचा तीन वर्षांचा. दोन्हींच्या सीईटी स्वतंत्र होतात आणि ही पद्धत 2016 पासून आहे. बारावीला शाखा कोणतीही चालते, पदवी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनिअरिंग, कशाचीही चालते. गुणांची अट मात्र आहे. पाच वर्षांसाठी बारावीला आणि तीन वर्षांसाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान 45 टक्के, इतर मागास आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. 44.80 टक्के असतील तर ते 45 धरले जातील या भरवशावर राहू नका. वयाची वरची मर्यादा नाही. नोकरी करणारे, निवृत्त झालेले, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला आलेल्या बायका असे सगळे तीन वर्षांच्या वर्गात असतात, आणि ते फार चांगलं आहे.

बारावीची किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देणाऱ्यांना सीईटीला बसता येतं. फक्त कॅपमध्ये कागदपत्रं तपासली जातील तोवर निकाल हाती हवा.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. मुक्त किंवा दूरशिक्षणाची पदवी चालते. पण कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार त्या पदवीच्या आधी दहावी आणि बारावी झालेली असावी लागते. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला प्रवेश घेतला असेल तर तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी ती पदवी पुरत नाही. शुल्क भरून, परीक्षा देऊन मग हे कळतं तेव्हा माणूस हताश होतो, म्हणून अर्ज उघडण्याआधी स्वतःचा शैक्षणिक क्रम तपासून घ्या.

बारावीच्या मुलांनी क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचाही विचार करावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश सीईटीने होत नाहीत, क्लॅटने होतात. ती परीक्षा इंग्रजीतच असते, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि अलीकडे ती आदल्या डिसेंबरातच होते. म्हणजे फेब्रुवारीत जाग आली तर त्या वर्षीची क्लॅट गेलेली असते. या विद्यापीठांत महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, हे अनेक पालकांना ठाऊकच नसतं.

परीक्षा आणि तयारी

सीईटी संगणकावर होते: 120 प्रश्न, 120 गुण, दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. माध्यम मराठी किंवा इंग्रजी निवडता येतं. पाच वर्षांच्या पेपरात कायदेविषयक कल आणि तर्कशक्तीचे प्रत्येकी 32 प्रश्न, सामान्य ज्ञान आणि इंग्रजीचे 24-24, गणिताचे 8. तीन वर्षांच्या पेपरात गणित नाही आणि इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा, 40 प्रश्नांचा. सामान्य ज्ञान 32, कायदा आणि तर्कशक्ती 24-24. मराठी माध्यमातून पदवी घेतलेले विद्यार्थी कायद्याची जाडजूड गाइडं पाठ करत बसतात आणि या 40 प्रश्नांकडे दुर्लक्ष करतात. एक तृतीयांश पेपर इंग्रजीचा आहे, तर रोजच्या अभ्यासातही तिला तेवढी जागा द्या.

कायद्याच्या विभागात एक तत्त्व आणि एक घटना देऊन निष्कर्ष विचारतात. समजा, तत्त्व असं आहे: जो धोका समजून-उमजून पत्करतो, त्याला त्या धोक्यामुळे झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. घटना अशी: शिवाजी पार्कवर क्रिकेटचा सामना बघत उभ्या असलेल्या माणसाला फलंदाजाने टोलवलेला चेंडू लागला, आणि तो भरपाई मागतो. ‘फलंदाजाने काळजी घ्यायला हवी होती’ हा पर्याय मनाला पटतो, पण दिलेल्या तत्त्वाप्रमाणे दावा टिकत नाही. आता घटना जरा बदला. माणूस सामना बघत नव्हता, बाहेरच्या रस्त्याने भाजी घेऊन घरी चालला होता. आता ते तत्त्वच लागू होत नाही, कारण त्याने कोणताही धोका पत्करलेला नाही. उत्तर दिलेल्या तत्त्वातून काढायचं, आपल्या न्यायबुद्धीतून नाही. एकदा ही सवय लागली की हे प्रश्न भराभर सुटतात.

जुनी गाइडं वापरत असाल तर एक गोष्ट बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं 302 कलम आता 103 आहे आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेलं 420 आता 318 मध्ये आहे. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही त्याच दिवशी बदलले. पुस्तकात हे नसेल तर ते बाजूला ठेवा. राज्यघटनेचा भाग मात्र जुन्या पुस्तकातूनही करता येईल: मूलभूत हक्क, 32 आणि 226 ही कलमं, 42 वी आणि 44 वी घटनादुरुस्ती, 1973 चा केशवानंद भारती खटला.

कागदपत्रे

खरी धावपळ इथेच होते. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला किंवा टीसी, अधिवास प्रमाणपत्र, फोटो आणि सही हे सर्वांनाच लागतं. मधे शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षण घेणाऱ्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, आणि इतर मागास, विमुक्त-भटके, सामाजिक व शैक्षणिक मागास या प्रवर्गांना त्याशिवाय नॉन-क्रीमीलेअर. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना त्यांचं वेगळं प्रमाणपत्र. हे सगळं राज्य शासनाच्या नमुन्यात हवं. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला दाखला इथे जोडला तर अर्ज परत येतो.

नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यावर ‘31 मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, ते वर्ष बघा. कॅपची तपासणी उन्हाळ्यानंतर होते, त्यामुळे नुकत्याच सरलेल्या मार्चला संपलेला दाखला उपयोगाचा नाही. एप्रिल उजाडताच सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर नवीन अर्ज करा. मे-जूनमध्ये अकरावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळेच तहसीलच्या रांगेत असतात. जात वैधतेला तर त्याहून जास्त वेळ लागतो, कारण जिल्हा समिती जुने महसुली पुरावे, आजोबांचा शाळेचा दाखला असं सगळं तपासते. समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर कोणाला आणि किती मुदत मिळेल हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ते पान वाचाच.

नावातला फरक ही दुसरी मोठी अडचण. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा, आधारप्रमाणे नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंची गुणपत्रिका माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असतं. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवा. जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांकडच्या पुराव्यांवरच निघतो, हेही लक्षात असू द्या.

कागद अपलोड करताना स्कॅन करा. कोपरा कापलेला, शिक्का पुसट दिसणारा मोबाइलचा फोटो टाकला की अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवतात. तो दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा असतो आणि मुदत मोजकीच असते. म्हणून त्या दिवसांत लॉगिन रोज उघडा, सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर अर्जात देऊ नका, पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

पसंतीक्रम आणि फेऱ्या

तपासणीनंतर याद्या लागतात, हरकतीला वेळ मिळतो आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. 1855 पासूनचं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि 1924 पासूनचं पुण्याचं आयएलएस ही नावं सगळेच वर टाकतात. टाकावीतच. पण खाली आपल्या जिल्ह्यातली, रोज जाता येईल अशी कॉलेजंही भरा, आणि अनुदानित की विनाअनुदानित हे बघून भरा, कारण शुल्कात मोठा फरक पडतो. जिथे जायचंच नाही ते कॉलेज पहिलं टाकू नका. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, नाही तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात.

शुल्काची चिंता असेल तर कॅपमधूनच प्रवेश घ्या. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी ती अट आहे. 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना 2024-25 पासून मिळणाऱ्या शंभर टक्के शुल्कमाफीलाही तीच अट आहे. कॅपबाहेर संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. त्यासाठीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा करावा लागतो.

नोकरी करणाऱ्यांनी प्रवेशाआधी हजेरीचा नियमही बघावा. बार कौन्सिलच्या नियमांत 70 टक्के हजेरी आहे, तेव्हा वर्गाच्या वेळा कॉलेजात जाऊन विचारा. जागा मिळाल्यावर दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन स्वतः हजर व्हा. मूळ टीसी कॉलेजात जमा होते, त्यामुळे तिच्या चार-पाच प्रती साक्षांकित करून आणि एक स्वच्छ स्कॅन काढून आदल्या दिवशीच ठेवा.