अनुदान आलं की विमा? घोळ होतो तो इथंच

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर काकांचा फोन आला, "अरे विमा आला बघ, ६,८०० पडले खात्यात." मी म्हणलं काका, सोयाबीन किती, तर दोन एकर. दोन एकर म्हणजे ०.८० हेक्टर, जिरायतीचा दर हेक्टरी ८,५००, गुणा, बरोबर ६,८००. हा विमा नाही, हे अतिवृष्टीचं अनुदान.

गावात दोन्हीला सरसकट "भरपाई" म्हणतात म्हणून सगळी गडबड. अनुदान ही सरकारी मदत, त्यासाठी हप्ता बिप्ता काही भरायचा नसतो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येऊन पंचनामा करतात, नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असलं की यादीत नाव, आणि मग पीक निम्मं गेलेलं असो की पूर्ण, दर तोच. जिरायत ८,५००, बागायत १७,०००, फळबाग २२,५००. मर्यादा एरवी २ हेक्टर, २०२५ च्या पुरानंतर ती ३ केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले, म्हणून काहींच्या खात्यात दोनदा पैसे दिसले आणि दुसऱ्यांदा आले ते विम्याचे असं परत पसरलं.

विमा म्हणजे पीएम फसल बीमा, त्याला आधी हप्ता, सोयाबीनसारख्या खरीप पिकाला विमा रकमेच्या (जेवढ्या रकमेचा विमा उतरवला तिच्या) २ टक्के. इथं खरी मेख अशी की खरीप २०२५ पासून आपल्या महाराष्ट्रात विमा पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही ठरावीक रानांतलं पीक कापून, मोजून काढलेल्या उत्पादनावर मिळतो. म्हणजे तुमच्या रानात कंबरेएवढं पाणी असलं, शेंगेतच कोंब फुटले तरी कंपनी तुमचं रान बघत नाही, अख्ख्या महसूल मंडळाची (आसपासच्या गावांचा गट) सरासरी बघते. समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन, म्हणजे मागच्या वर्षांवरून ठरवलेलं उत्पादन, हेक्टरी १,००० किलो आणि निघालं ६००, म्हणजे घट ४० टक्के, विमा रक्कम ५०,००० असली तर हेक्टरी २०,००० मिळणार. सरासरी उंबरठ्याच्या वर गेली तर शून्य, मग नदीकाठच्या माणसानं कितीही डोकं आपटलं तरी. माझ्या मते हे नदीकाठच्यांवर अन्यायाचंच आहे, पूर्वी निदान ७२ तासांत तक्रार टाकायची सोय होती.

त्यामुळं भांडायला कुठं जायचं तेही वेगळं. अनुदान अडकलं तर तहसील, तिथं आपला व्हीके नंबर (अनुदानाच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) विचारायचा, केवायसी बाकी आहे का, आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघायचं. विम्याचं असेल तर तालुका कृषी कार्यालय आणि कंपनी, सोबत पावती, आणि ई-पीक पाहणीत तेच पीक लागलंय ना ते आधी बघा, विम्यात सोयाबीन आणि पाहणीत तूर असं असेल तर बोलायची सोय राहत नाही. एक मिळालं म्हणून दुसरं कटत नाही. आणि बँकेनं अनुदान कर्जखात्यात वळवलं तर गप बसू नका, तसं वळवायचं नाही असा शासनाचाच आदेश असतो.

काकांना म्हणलं विम्याची पावती तेवढी पाठवा. फोटो आला तो २०२४ चा, एक रुपयात विमा निघायचा तेव्हाचा. ती योजना बंद झाली हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, २०२५ ला त्यांनी विमा भरलाच नव्हता.