साकव

साकव : ओहोळ, व्हाळ किंवा खाडीचा अरुंद फाटा पायी ओलांडण्यासाठी घातलेला लहान लाकडी पूल. कोकणात व गोमंतकात ही संज्ञा रूढ आहे. गोव्याच्या कोकणीत ‘सांकव’ असा सानुनासिक उच्चार होतो आणि मोठ्या पुलालाही तोच शब्द चालतो. मराठीत त्याचा अर्थ पायवाटेच्या पुलापुरता आकुंचित झालेला दिसतो.

हा शब्द संस्कृत ‘संक्रम’ यापासून प्राकृत ‘संकम’मार्गे आला असावा. ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव होताना मकाराचा जसा वकार झाला, तसाच तो येथेही झाला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात सैन्याने पाणी ओलांडण्याची साधने सांगताना ‘संक्रम’ आणि ‘सेतुबंध’ वेगळे मोजले आहेत, तर अमरकोशात ‘संक्रमो दुर्गसंचरः’ असा, म्हणजे बिकट जागेतून जाण्याची वाट असा, अर्थ दिला आहे. मुरगाव तालुक्यातील सांकवाळ हे ग्रामनाम ध्वनिसाम्यामुळे याच शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु त्या गावाचे परंपरागत नाव शंखवाळी असल्याने तो आवरणे बरे. शिवाय शब्द प्राचीन ठरला, तरी त्यावरून आजच्या रचनेचे वय ठरत नाही.

कुळागरातील (माड-पोफळीच्या बागेतील) साध्या साकवाला माडाचे किंवा पोफळीचे दोन-तीन ओंडके पुरतात. ते काठावरच्या दगडी रचाईवर टेकवून वेलीने वा काथ्याच्या दोरीने जखडतात आणि एका बाजूस धरायला बांबू बांधतात. या दोन्ही झाडांचे खोड बाहेरून कठीण, आतून भुसभुशीत असते. पाणी मुरले की गाभा आधी कुजतो आणि वरून धड दिसणारा ओंडका पायाखाली दबू लागतो. टिकाऊपणा हवा असेल तेथे माट्टी (ऐन) किंवा किंदळ वापरणे श्रेयस्कर.

युरोपात लाकडी पुलावर छप्पर घालून तुळया पावसापासून राखण्याची प्रथा आहे. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथील चौदाव्या शतकातील पूल, ज्याचा बराच भाग 1993 मध्ये जळाला व पुन्हा बांधला गेला, हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिमी पाऊस पडत असूनही साकव सहसा उघडाच असतो. अंतर थोडे आणि ओंडका घरच्याच बागेतला, त्यामुळे लाकूड राखण्यापेक्षा बदलणे सोयीचे पडत असावे. जुने नमुने हाती लागत नाहीत, त्याचेही बहुधा हेच कारण.

हल्ली काँक्रीटच्या पादचारी पुलासही साकवच म्हणतात. पणजीतील ‘पाटो’ या भागाचे नावही लहान पुलाच्या वाचक कोकणी शब्दावरून पडले आहे.