रेसिंग गेममधील इंजिनध्वनी

रेसिंग गेममधील इंजिनध्वनी : कन्सोलवरील मोटारशर्यतीच्या खेळांत इंजिनाचा आवाज घडवण्याची आणि खेळाडूच्या ॲक्सिलरेटर, ब्रेक व गिअरबरोबर तो क्षणोक्षणी बदलता ठेवण्याची तंत्रे. आवाज खरा वाटतो की नाही, हे मूळ गाडीचे ध्वनिमुद्रण किती स्वच्छ आहे एवढ्यावर ठरत नाही. ॲक्सिलरेटर सोडताच तो किती लवकर पडतो आणि पडताना त्याचा पोत कसा बदलतो, याला अधिक महत्त्व आहे. उत्तम मुद्रण असूनही निर्जीव वाटणारे खेळ बरेच आहेत. ते बहुतेक इथेच कमी पडतात.

मूळ ध्वनीची घडण : फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. त्यामुळे स्फोटांची वारंवारता काढणे सोपे आहे : सेकंदाचे फेरे गुणिले सिलिंडरांची निम्मी संख्या. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरांचे इंजिन २०० हर्ट्झ देते, बारा सिलिंडरांचे ६०० हर्ट्झ. फॉर्म्युला वनची जुनी व्ही-१० (दहा सिलिंडरांची) इंजिने १८,००० फेऱ्यांवर १,५०० हर्ट्झपर्यंत जात. त्यांची किंकाळी त्यातून येई. मात्र वारंवारता म्हणजे ओळख नव्हे. १९९१ साली ल मां शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी या गाडीत चार रोटरांचे वँकेल इंजिन होते; त्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात आणि प्रत्येक रोटरमागे दर फेरीला एक स्फोट होतो. ९,००० फेऱ्यांवर त्याचीही वारंवारता ६०० हर्ट्झच भरते, तरी त्याचा कर्कश, चिरत जाणारा आवाज व्ही-१२ समजण्याची चूक कोणी करणार नाही. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या दाबाच्या प्रत्येक ठोक्याचा आकारच वेगळा असतो.

ठोक्यांची वाटणीही तितकीच बोलकी असते. अमेरिकी पद्धतीच्या क्रॉस-प्लेन (क्रँकशाफ्टचे हात एकमेकांना काटकोनात असलेल्या) व्ही-८ इंजिनात एकूण स्फोट समान अंतराने होतात, पण एकेका बाजूच्या चार सिलिंडरांपुरते पाहिले तर ती अंतरे असमान असतात. दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट वेगळे ठेवले की ही असमानता घोगऱ्या गुरगुराटासारखी ऐकू येते. फेरारीच्या फ्लॅट-प्लेन (ते हात एकाच प्रतलात असलेल्या) व्ही-८मध्ये प्रत्येक बाजूचे ठोके समान अंतराने पडतात आणि सूर ताणलेला, चढा लागतो. याशिवाय हवा आत खेचण्याचा आवाज, टर्बोची शीळ, सरळ दात्यांच्या गिअरबॉक्सचे कण्हणे आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तापलेल्या नळीत पेटणाऱ्या इंधनाचे फटाके असे वेगवेगळे थर असतात. खेळात ते बहुधा स्वतंत्र ठेवून नंतर मिसळतात.

चिपपासून मुद्रणापर्यंत : १९८३च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या कन्सोलवर दोन पल्स, एक त्रिकोणी तरंग, एक नॉइझ आणि एक नमुन्यांचा (मुद्रित तुकड्यांचा) असे पाच मार्ग, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे पाच स्वतंत्र आवाज, होते. त्यांतला एखादा इंजिनाला मिळे. उरलेल्यांत संगीत आणि टायरांचे किंचाळणे भागवावे लागे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या एफएम (एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता हलवून सूर घडवणाऱ्या) चिपमधून जरा धातूचा, कणीदार सूर निघे, आणि तो इंजिनाला शोभूनही दिसे. खऱ्या मुद्रणाचे तुकडे वापरणे प्लेस्टेशनवर (१९९४) सोयीचे झाले. त्यात ध्वनीसाठी २४ मार्ग आणि ५१२ किलोबाइट मेमरी होती. आकुंचित स्वरूपात, सीडीएवढ्या नमुना-दराने (सेकंदाला ४४,१०० नमुने), एवढ्या जागेत सगळे मिळून सुमारे २० सेकंदांचा आवाज मावतो. त्यातच सगळ्या गाड्या, टायर आणि टकरी बसवायच्या म्हणजे एका इंजिनाच्या वाट्याला अगदी छोटे तुकडे येणार. १९९७चा ‘ग्रॅन टुरिस्मो’ गाड्यांच्या संख्येने आणि हाताळणीने थक्क करणारा होता. त्याच्या इंजिनांच्या आवाजाकडे या मर्यादा लक्षात घेऊनच पाहायला हवे.

लूप आणि त्याचे दोष : सर्वांत रुळलेली पद्धत अशी. गाडी डायनामोमीटर या ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या रोलरवर चढवून ठरावीक फेऱ्यांवर स्थिर धरतात आणि एक्झॉस्टजवळ, इंजिनाच्या कप्प्यात व चालकाच्या जागी मायक्रोफोन लावून मुद्रण करतात. प्रत्येक टप्प्याचा छोटा तुकडा अखंड फिरत राहील असा कापला जातो, हाच लूप. खेळात फेरे वाढले की लूप वेगाने वाजवून सूर चढवायचा आणि पुढच्या टप्प्याच्या लूपमध्ये हळूहळू मिसळायचा.

यात दोन खोट आहेत. खऱ्या गाडीत फेरे वाढले तरी एक्झॉस्टच्या नळीचा आणि सायलेन्सरचा अनुनाद (ठरावीक सुरांना घुमवण्याचा गुण) जवळपास जागच्या जागी राहतो. लूप वेगाने वाजवला की तो अनुनादही सुराबरोबर वर सरकतो आणि गाडी आकाराने लहान झाल्यासारखी, खेळण्यातली वाटू लागते. शिवाय दोन लूप मिसळताना त्यांच्या तरंगांची लय जुळली नाही, तर मधल्या फेऱ्यांवर आवाज पोकळ होतो किंवा हेलकावतो.

तिसरी उणीव पद्धतीची नव्हे, कंजूषपणाची. इंजिनावर भार असताना सिलिंडरमधला दाब जास्त असतो आणि वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) ठळक होतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर त्याच फेऱ्यांवर आवाज पोकळ, सैल होतो. म्हणून भारासह आणि भाराविना असे दोन संच लागतात. एकाच संचाचा आवाज नुसता कमी-जास्त केला की गाडी चढावर आहे की उतारावर, हे कानाला कळतच नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो ५’ (२०१०) आणि ‘ग्रॅन टुरिस्मो ६’ (२०१३) यांतल्या कित्येक गाड्यांना खेळाडूंनी ‘व्हॅक्यूम क्लीनर’ म्हणून हिणवले, ते मुख्यतः अशा एकसुरी, भाराचा पत्ता न लागणाऱ्या आवाजामुळे. चित्र एवढे काटेकोर असताना आवाजाने मागे राहावे, ही तक्रार रास्तच होती.

नवी तंत्रे : ग्रॅन्युलर पद्धतीत मंद चालीपासून कमाल फेऱ्यांपर्यंत चढणारे एकच सलग मुद्रण घेतात आणि त्याचे इंजिनाच्या आवर्तनाएवढे बारीक कण पाडतात. खेळातल्या फेऱ्यांना जवळचे कण निवडून ते एकापुढे एक जोडले जातात. सूर फारसा ताणावा लागत नसल्याने अनुनाद जागेवर राहतो. तेच ते कण पुन्हा पुन्हा आले तर मात्र यंत्रवत घरघर ऐकू येते. म्हणून निवडीत थोडा अनियमितपणा मुद्दाम ठेवतात. तिसरा मार्ग भौतिक प्रतिमानाचा : सिलिंडरमधला दाब, झडपांच्या वेळा आणि नळ्यांची लांबी यांवरून आवाज गणितानेच काढायचा. इंजिन बदलले, सायलेन्सर काढला, की आवाज आपोआप बदलतो; ज्या गाडीचे मुद्रण मिळणे शक्य नाही तिलाही आवाज देता येतो. कानाला पटणारा खरखरीतपणा आणणे मात्र इथे अवघड जाते, त्यामुळे व्यवहारात मिश्रणच चालते.

ऐकण्याची जागा : एकच गाडी आतून, बॉनेटवरून आणि मागच्या कॅमेऱ्यातून तीन प्रकारे ऐकू यायला हवी. आत बसल्यावर वरचे स्वरांश दबतात, गिअरबॉक्स पुढे येतो. ‘नीड फॉर स्पीड : शिफ्ट’ने (२००९) चालकाच्या कानाने ऐकवण्यावर भर दिला, ‘ड्राइव्हक्लब’ (२०१४) तर प्रामुख्याने आवाजासाठीच आजही आठवला जातो. रिप्ले पाहताना डॉप्लर परिणाम येतो : ताशी १८० किलोमीटरने जवळून गेलेल्या गाडीचा सूर सुमारे पाच अर्धस्वरांनी उतरतो. बोगदा, कठडे आणि प्रेक्षकसज्जे यांवरून परतणारा ध्वनी वेगळा मोजावा लागतो. तो नसेल तर चांगले मुद्रणही स्टुडिओतले वाटते.

घरातल्या स्पीकरची मर्यादाही मोठी आहे. ८०० फेऱ्यांवर मंद चालणाऱ्या व्ही-८चे ठोके ५३ हर्ट्झच्या आसपास पडतात आणि टीव्हीचे बारीक स्पीकर तिथे जवळजवळ मुके असतात. तरी आपण तो सूर ऐकतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू गाळलेला मूळ सूर भरून काढतो. शर्यतीच्या गाडीचा कान फाडणारा जोरही दिवाणखान्यात आणता येत नाही. म्हणून ध्वनिरचनाकार दाबणी (मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर कमी करणे) आणि थोडी फाटलेली विकृती वापरून ‘हे फार मोठे आहे’ असा भास देतात. ही लबाडी आहे, पण तिच्याविना खरे मुद्रणच खोटे वाटते.

आवाजाचा उपयोग : हातात साधा कंट्रोलर असताना गाडीची हालचाल पाठीला जाणवत नाही. ती उणीव कान भरून काढतात. मीटरकडे न पाहता गिअर कधी टाकायचा, मागचे चाक जागीच फिरते आहे का, टायरची पकड सुटण्याच्या किती जवळ आहे, हे सारे आवाजातून समजते. म्हणूनच काही खेळ टायरांचे किंचाळणे वास्तवापेक्षा लवकर आणि मोठ्याने ऐकवतात. शुद्धतावादी खेळाडूंना ते खटकते. माझ्या मते कंट्रोलरवर खेळणाऱ्यांसाठी ती योग्य तडजोड आहे.

विजेवरच्या गाड्यांनी हे गणित बदलले आहे. तिथे स्फोट नाहीत, बहुतेकींत गिअर बदलणे नाही. मोटर आणि तिला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची बारीक शीळ वेगाबरोबर एकसंध चढते. इंजिनामागे एरवी झाकले जाणारे वाऱ्याचे आणि टायरांचे आवाज तिथे उघडे पडतात आणि खेळाडूला वेगाचा अंदाज त्यांच्यावरूनच बांधावा लागतो.