आयर्विनची पट्टी आणि क्वेसारचा पूर

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पण नुसत्या आकड्यावर कुणाचं भागत नाही. "कोयनेतून किती सोडलंय?" हे लगेच येतंच, कारण ते पाणी आधी कराडला चढतं, मग आपल्याकडे. पुलावर उभं राहून धरणाच्या दारांचा अंदाज बांधायचा, ही इथली जुनी खोड.

क्वेसारवर, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या लखलखत्या केंद्रांवर, नजर ठेवणारे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ याहून फार वेगळं काही करत नाहीत.

काही दीर्घिकांच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर भोवतालचा वायू गिळता गिळता दोन बाजूंना झोत फेकतं. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. १९६५ मध्ये विल्यम डेंट यांनी ३सी २७३ या क्वेसारचं रेडिओ-तेज बदलतंय हे दाखवलं. अंतर सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं! त्याच वर्षी सीटीए १०२ या रेडिओ-स्रोताचं तेज कमीजास्त होतंय म्हटल्यावर सोव्हिएत वृत्तसंस्थेने थेट परग्रहावरच्या प्रगत संस्कृतीची बातमी सोडली होती. तोही क्वेसारच निघाला.

मिशिगन विद्यापीठाची २६ मीटरची तबकडी तेव्हापासून चार दशकांहून जास्त काळ अशी तेजं मोजत राहिली. पुढे ४.८, ८ आणि १४.५ गिगाहर्ट्झ अशा वारंवारतेच्या तीन पट्ट्या झाल्या. भडका उडाला की बहुतेक वेळा आधी १४.५ वर टोकदार चढ दिसतो, मग ८ वर, आणि सगळ्यात शेवटी ४.८ वर, तोही बुटका नि पसरट. कराडचा फुगवटा आणि सांगलीचा फुगवटा शेजारी शेजारी काढून पाहा, ओळख पटेल. कारण मात्र निराळं आहे. झोतात नुकताच उसळलेला गोळा इतका दाट असतो की कमी वारंवारतेच्या आपल्याच लहरी तो गिळून टाकतो. पुढे सरकत, फुगत तो विरळ झाला की त्या लहरींना वाट मिळते.

एकेक भडका ओसरायला कधी महिने, कधी वर्षं लागतात. त्यामुळे दोन-चार वर्षांच्या नोंदींवरून "हा दर अमुक वर्षांनी पेटतो" असं कुणी म्हणालं, तर मी तरी विश्वास ठेवत नाही. एकाच पावसाळ्यावरून कृष्णेचा स्वभाव ठरवण्यासारखं आहे ते.

पीकेएस २१३१-०२१ या क्वेसारची गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियातल्या ओव्हन्स व्हॅलीच्या ४० मीटर दुर्बिणीला त्याचं तेज झोपाळ्यासारखं एका लयीत वरखाली होताना दिसलं. मग जुन्या वह्या उघडल्या. १९७६ ते १९८३ च्या नोंदींतही तीच लय सापडली. मधली वीसेक वर्षं ती गायब होती, आणि परतली ती जुन्या ठेक्याशी जुळूनच. २०२२ मध्ये मांडलेला अर्थ असा की तिथे एक नव्हे, दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असावीत, त्यामुळे झोत डोलतो. इथून मोजली तर एक फेरी सुमारे पाच वर्षांची. पण विश्व प्रसरण पावत असल्याने तो काळ ताणला गेलाय. तिथे ती दोनच वर्षांत पुरी होते.