दारू टाळणारे उंदीर आणि '2' या आकड्याचा घोळ

एका बाटलीत पाणी, दुसरीत 10 टक्के अल्कोहोल. उंदीर कुठली किती रिकामी करतो हे मोजायचे. 1940च्या दशकात चिलीत ही मोजणी सुरू झाली ती ब जीवनसत्त्वांच्या अभ्यासासाठी. त्यातूनच कमी आणि जास्त पिणाऱ्या उंदरांचे दोन वाण पिढ्यान्‌पिढ्या वेगळे वाढवले गेले. फिनलंडमध्येही 1960च्या दशकात अशीच जोडी तयार झाली. बाटल्यांच्या जागा नियमित बदलाव्या लागतात, नाहीतर उंदराची एका बाजूची सवयच आवड म्हणून नोंदली जाते. रिकाम्या पिंजऱ्याला लावलेल्या बाटल्यांतली गळती आकड्यांतून वजा न केल्यास कमी पिणारेही पिणारे दिसतात.

चिलीतला जास्त पिणारा वाण दिवसाला किलोमागे 5 ग्रॅमच्या वर जातो. उंदराचे यकृत तासाला किलोमागे साधारण 300 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 7 ग्रॅमच्या आसपास, निकालात काढते. हा वाण त्या मर्यादेच्या बराच जवळ पोहोचतो. कमी पिणाऱ्यांची गाडी आधीच अडते, कारण त्यांचे एएलडीएच2 हे एन्झाइम मंद आहे आणि ते एरवी ज्याला मोडते ते, अल्कोहोलपासून बनणारे विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते.

इथेच नावाचा घोळ आहे. या उंदरांत एएलडीएच2 जनुकाच्या मंद प्रकाराला '2' क्रमांक मिळाला, आणि पूर्व आशियातील माणसांत चेहरा लाल करणाऱ्या प्रकारालाही '2'च. मात्र बदल वेगळे आहेत. उंदरात एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीत 67व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते आणि एनएडी या साहाय्यक रेणूवरची पकड चार-पाच पटींनी सैल होते. एन्झाइम चालते, पण संथ. माणसात 487व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन येते आणि एन्झाइम जवळपास बंद पडते. त्यात 487 आणि 504 ही एकाच जागेची दोन नावे: साखळीच्या सुरुवातीचा 17 अमिनो आम्लांचा तुकडा मोजला की 504. हा उंदीर म्हणजे त्या माणसांची प्रतिकृती, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे.

पुढे जास्त पिणाऱ्या उंदरांच्या यकृतात हे जनुक दाबले, तेव्हा त्यांचे पिणे सुमारे निम्म्यावर आले. 2019मध्ये छोट्या जातीच्या उंदरांत (माइस; वरचे उंदीर म्हणजे रॅट) फक्त यकृतातले एएलडीएच2 काढल्यावर भरपूर पिणे घटले, माफक पिणे घटले नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइडचा सुमारे निम्मा निचरा यकृताबाहेर होतो. उलट मेंदूत अल्कोहोलपासून हेच द्रव्य बनवणारे कॅटलेज हे एन्झाइम दाबले की पूर्वी अल्कोहोल न चाखलेले उंदीर जवळजवळ पीतच नाहीत. तिथे तेच अ‍ॅसिटाल्डिहाइड ओढ लावते.